खुंटीवरचं गाठोडं

६ एप्रिल

ही वही तेजश्रीने दिली. तिच्या उपकेंद्रातली आहे, पुठ्ठ्यावर लस टोचून घेणारं बाळ आहे, आतली पानं कोरी. म्हणाली, "आजे, लगीन होईस्तोवर जे तोंडात येईल ते यात लिव. बोलू नको."

मी म्हटलं, "मी काय बोलते?"

तर ती आणि तिची आई एकमेकींकडे बघून हसल्या.

मागचं स्थळ माझ्यामुळे मोडलं असं घरात म्हणतात. मी त्या पोराला एवढंच विचारलं होतं, की बाबा, तू बोलायला लागतोस कधी आणि तुझी आई थांबते कधी. यात मोडण्यासारखं काय आहे?

तिसरीपर्यंत शाळा केली मी. "हाय" लिहिलं की गुरुजी छडी मारायचे, म्हणून तोंडात हाय आणि वहीत आहे, हे अजून सुटलेलं नाही. वाचते ते बोट ठेवून. मधला शब्द सोडता येत नाही. एक सुटला की पुढचे सगळे पळतात, शेळ्यांसारखे.

घरात आम्ही चौघं. मी भागी. म्हातारा नवशा, बांबूच्या टोपल्या विणतो आणि दिवसभर खोकतो. सून सुनिता. नात तेजश्री, नर्स. पोरगा माथेरानला हॉटेलात आहे, पंधरा दिवसांनी डोंगर उतरतो, झोपतो, परत चढतो.

तेजश्रीने नवरा स्वतःच शोधला. रूपेश नाव. खालापूरकडच्या वाडीचा, आपल्यातलाच ठाकूर, खोपोलीला कारखान्यात जातो. तिच्या हातातली सुई बघून बाकावरच आडवा झाला होता, तिने पाणी मारून उठवला. मला पोरगा पसंत आहे. सुईला भिणारा माणूस बायकोवर हात उगारायचा नाही.

९ एप्रिल

आज ते आले. रूपेश, त्याची आई आणि मामा. बाप नाही म्हणून मामा कर्ता. गजामामा म्हणतात. पांढरा सदरा, खिशात दोन मोबाईल, दोन्ही वाजत नव्हते.

मी दारात वही घेऊन बसले. बोलायचं नाही ना, मग लिहीत होते. जसं होत होतं तसं लिहिलं ते हे:

मामाने दुसरा लाडू घेतला. मामा म्हणाला, रस्त्याला लय धूळ. मामाने तिसरा लाडू घेतला. मामाचं तोंड फणसासारखं आहे, वरून काटे, आणि आत गरे असतील असं वाटत नाही. मामा म्हणाला, आमच्यात पोरींना कुणी अडवत नाय, तेजश्रीने नोकरी खुशाल करावी, आमी सुधारलेली माणसं. सुधारलेल्या माणसाने उष्टा कप माझ्या सारवणावर ठेवला. म्हाताऱ्याचा खोकला वाढला आहे. मी गेले तर याला अडुळशाचा काढा कोण देईल, सुनिता पाणी फार घालते.

एवढ्यात मामाने विचारलं, "आजीबाय काय लिवतात?"

तेजश्री म्हणाली, "आजीला सवय हाय. कोण काय बोललं ते लिवून ठेवते."

मामा सरळ बसला. चौथ्या लाडवाकडे गेलेला हात परत आला. त्यानंतर तो जे बोलला ते रेडिओवर बोलतात तसं बोलला.

मग पत्रिका छापायची म्हणून नावं विचारायला लागला. "आजीच्या नावामागं सौभाग्यवती लावायचं ना?"

सुनिताच्या हातातलं झाकण पडलं. म्हातारा कोपऱ्यात बांबू सोलत होता. घरातलं मीठ संपलं म्हणून सांगावं तसा म्हणाला, "आमचं लगीन नाय झालं."

"म्हंजे?"

"म्हंजे नाय झालं."

"पन पोरगा हाय, नात हाय..."

"ती झाली," म्हातारा म्हणाला.

"किती वर्सं झाली?"

"सेहेचाळीस."

मी पंचेचाळीस धरून होते. हा कधीपासून मोजतो कुणास ठाऊक.

१० एप्रिल

मामाचा फोन आला. लग्न न झालेल्या आजीच्या घरातून सून नेली तर चार माणसांत नाक राहणार नाही. आधी म्हातारा-म्हातारीचं उरकून घ्या, मग पोरांचं.

आमच्या वाडीला यात नवल काहीच नाही. पूर्वी निम्मी जोडपी आधी नांदायची आणि सवड होईल तेव्हा हळद लावायची. मी आपल्या पायांनी या घरात आले. पहिल्या वर्षी कोळशाच्या भट्टीवर गेलो, दुसऱ्या वर्षी पोरगा झाला, तिसऱ्या वर्षी सासरा गेला. नंतर सगळे विसरले. पुढे मला आठवलं, पण मी आठवण करून दिली नाही. त्याचं कारण आज लिहिते.

पोरगा रांगत होता तेव्हाची गोष्ट. नवशा पिऊन आला आणि पाण्याचं मडकं माझ्या अंगावर भिरकावलं. लागलं नाही. मी लुगडं, चोळी आणि पोराचं एक फडकं बांधून गाठोडं केलं, पोर काखेला मारलं आणि कोंडाण्याला, भावाच्या गावाला, चालू लागले. अनवाणी. पायांना फोड आले होते एवढं आठवतं. मागून पंच आले. म्हणाले, नवऱ्याला सोडून जाता येत नाय. मी म्हटलं, कुठला नवरा? लगीन दाखवा. पंचांनी सुपारी चघळली आणि गेले.

त्याच साली माझी मैत्रीण मंगळी नवऱ्याला कंटाळून बापाकडे गेली होती. तिचं लग्न ढोल वाजवून झालेलं. तिला दंडाला धरून परत आणली. मी डोळ्यांनी बघितलं.

विसाव्या दिवशी नवशा कोंडाण्याला आला. सकाळी येऊन आंब्याखाली उभा राहिला तो शेळ्या परत येईपर्यंत. मान खाली, नजर माझ्या पायांवर. शेवटी म्हणाला, "मडकं नवीन आनलंय." मी आले. दारू सोडली असं मी म्हणणार नाही. मडकं फेकायचं सोडलं.

तेव्हापासून ते गाठोडं खुंटीला आहे. एकदाही सोडलेलं नाही, सोडलं तर त्याचा धाक जाईल. भांडण झालं की मी तोंडाने काही बोलत नाही, नुसतं गाठोड्याकडे बघते. म्हातारा उठतो आणि पाणी भरतो. मंगळीने मंगळसूत्र घातलं, मी गाठोडं टांगलं. दोघींत सुखाने कोण राहिली ते सगळ्या वाडीला माहीत आहे.

हे मी हळदीच्या एका बोटाने घालवू?

१३ एप्रिल

मंगळी आली. ती आमची धवळारीण. आमच्यात भट नसतो, धवळारीण लग्नाची गाणी, धवळे, गाते आणि तीच लग्न लावते. दात दोनच उरले आहेत पण आवाज अजून डोंगरावर जातो.

"भागे, मामाचं सोड," ती म्हणाली. "त्यानं सांगितलं नसतं तरी मी सांगितलं असतं. मोठीची हळद ऱ्हायली तर धाकटीला हळद चढत नाय. एका मांडवात आधी तू, मग तेजू."

"सुनिताच्या लग्नात चढली ती?"

"ते खोपोलीला मैदानात झालं. चाळीस जोडपी एका दमात. तितं कोन कुनाच्या सासूला इचारतंय? माज्या मांडवात तसं चालनार नाय."

"मग तुझ्या मांडवात लगीन नको."

"नको तर नको. पन मग तेजूचं कोन लावनार? तुजी शेळी?"

मी वही काढली आणि तिच्यासमोरच लिहिलं की मंगळी म्हातारपणी माजली आहे. तिला वाचता येत नाही. तरी म्हणाली, "माज्यावर लिवतीस ना? लिव. नीट लिव."

१५ एप्रिल

नाही म्हणून सांगितलं. माझे गुडघे दुखतात, पाटावर बसवत नाही. सुनिता म्हणाली, "आये, खुर्चीवर बसवू." मी म्हटलं, खुर्चीवर बसून हळद लावून घेते ती नवरी नाही, पुढारी.

कुणी हसलं नाही.

वर बघितलं तर गाठोड्याची गाठ उलटी दिसली. मी उजव्या हाताने बांधते, ही डावीकडून आहे. सुनिताचं काम असणार, सासूच्या गाठोड्यात नाक खुपसायचं. आणि गाठोड्याच्या कापडाचा रंगही उन्हात वाळवल्यासारखा विटला आहे. घरात टांगलेल्या वस्तूला ऊन लागतं कुठून? विचारायला हवं. पण सध्या बोलायचं नाही.

चुना मारताना गाठोडं म्हातारा स्वतः उतरवतो, मला हात लावू देत नाही. भितो बिचारा, मी घेऊन चालू लागेन म्हणून. घरकुलाचं घर झालं तेव्हा सिमेंटच्या भिंतीत खुंटी बसेना, तर दोन दिवस ठोकत होता. अजून दार लागलं नव्हतं, आणि याला खुंटीची घाई. कोयता टांगायला असेल.

२० एप्रिल

तेजश्री ड्युटीवरून आली ती न जेवता बसली. मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलं आहे. मग तीच बोलली.

मामाचं म्हणणं आता फिरलं आहे. लग्नानंतर उपकेंद्र सोडायचं. रूपेशच्या आईला बरं नसतं, घर कोण बघणार?

"रूपेश काय म्हनतो?"

"मामापुढं काय बोलत नाय. मला म्हनतो, हळूहळू मनवू."

"हळूहळू तुजे केस पिकतील."

"म्हाईत हाय, आजे."

मग ती खुंटीकडे बघत म्हणाली, "तू लगीन नाय केलंस म्हनून तू मोकळी. सगळी वाडी सांगते. पन मला रूपेश पायजे. लगीन पायजे. नोकरी पन पायजे. लगीन करून मोकळं कसं ऱ्हायचं ते कुनी दाखवतच नाय. आई दाखवत नाय, मंगळीआजी दाखवत नाय. तू तरी दाखव ना."

पोरीला शिकवली की असं होतं. प्रश्न विचारून झोपून जाते आणि जागं आपल्याला ठेवते.

२४ एप्रिल

अंगण सारवलं. ओलं होतं तेव्हा माझाच पाय पडला आणि ठसा उठला. परत सारवायला शेण घेऊन आले तर म्हातारा ठशावर वाकून सुतळी धरून बसलेला.

"काय करतोस?"

"मुंग्या मोजतो."

"सुतळीनं?"

"लय हायत."

दुपारी टोपल्या घेऊन कर्जतला गेला. टोपल्या न्यायला पळसदरीचा व्यापारी इथे येतो, मग याला कर्जतला काय काम? संध्याकाळी परतला तो पिशवी पोटाशी धरून. मला बघितलं आणि थेट गोठ्यामागे गेला. बाहेर आला तेव्हा पिशवी नव्हती. सत्तरी ओलांडली आणि आता चोरटेपणा सुचतो आहे.

२७ एप्रिल

आज सरळ विचारलं. वहीत विचारून उत्तर मिळत नाही.

"नवशा, तुला लगीन पायजे का?"

तो बांबू सोलत राहिला. एक पट्टी पूर्ण काढली, दुसरी काढली. मग म्हणाला, "तू गेलीस तर कोंडाण्यालाच जाशील?"

"मी काय इचारते, तू काय बोलतोस?"

"तुजा भाव तर वारला. भाचा बोईसरला. तितं कोन हाय? आनि त्या रस्त्याला खडी टाकलीय. बारीक नाय, मोठी. पायाला टोचते."

"तुला काय करायचंय रस्त्याचं?"

"काय नाय. जाऊन बघून आलो मागच्या महिन्यात. म्हनून सांगतो."

म्हातारा चळला. मी लग्नाचं विचारते आणि हा खडीचं सांगतो. चार किलोमीटर चालून खडी बघायला गेला होता, खोकत. त्याला काढा दिला. अडुळशाची पानं जास्त घातली.

२ मे

मंगळीकडे गेले. ती हळकुंडं निवडत होती. तेजश्रीच्याच हळदीची. माझा होकार नसताना हिने हळकुंडं आणून ठेवली आहेत.

मी म्हटलं, "हळद लावायच्या आधी तू नवरीला तीनदा इचारतेस ना, काय मागतीस म्हनून?"

"इचारते. रीतच हाय ती."

"आनि नवरी काय म्हनते?"

"काय नाय म्हनते. तीनदा काय नाय. मग हळद."

"आनि समजा एखादीनं मागितलं तर?"

तिचा हात थांबला. "तर नवऱ्याला 'दिलं' म्हनावं लागतं. त्याशिवाय मला हळद लावता येत नाय."

"कुनी मागितलंय?"

"एकोनचाळीस वर्सं इचारतेय, भागे. कुनी नाय. आई शिकवूनच पाठवते पोरीला, काय नाय म्हन म्हनून. माज्या आईनं मला शिकवलं. मी माज्या पोरींना शिकवलं." तिने एक हळकुंड उचललं, बघितलं, परत टाकलं. "मी दरवेळी जरा थांबते. तिसऱ्यांदा इचारलं की थांबते. वाटतं, ही म्हनेल काय तरी."

मग मी उरलेली हळकुंडं निवडू लागले. शेवटचं हळकुंड टाकल्यावर ती म्हणाली, "म्हंजे हो का?"

मी म्हटलं, "गुडघे दुखतात. पाट उंच पायजे."

११ मे

काल हळद झाली. हात अजून पिवळे आहेत, पानावर डाग पडतात, पडू देत.

सुनिताने मला हिरवी साडी नेसवली. तेजश्रीने पावडर लावायचा प्रयत्न केला, तिला हाकलली. मांडवात सगळी वाडी, माथेरानहून उतरलेला पोरगा आणि रूपेशकडची दोन टेंपो माणसं. म्हाताऱ्याला नवी टोपी घातलेली, कानांवर उतरत होती. सेहेचाळीस वर्षं रोज बघते त्याला, पण पाटावर शेजारी बसल्यावर तो माझ्याकडे बघेना आणि मीही कुठे बघावं ते मला कळेना. बायका खुदखुदत होत्या. मूर्ख बायका.

मंगळीने धवळे गायले. मग विचारलं, "नवरे, काय मागतीस?"

मी गप्प. दुसऱ्यांदा विचारलं. गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी इसरली वाटतं, काय नाय म्हन गं." तिसऱ्यांदा विचारलं आणि मंगळी थांबली.

मी म्हटलं, "गाठोडं."

मांडवात शेळी शिंकली असती तरी ऐकू आलं असतं.

"लगीन झालं तरी माजं गाठोडं खुंटीवरच ऱ्हाईल. मला वाटलं तर जाईन, वाटलं तर येईन. पंचांनी मधी पडायचं नाय. मला न्यायला यायचं तर यानं एकट्यानं यायचं, आनि मडकं घेऊन यायचं."

गजामामा उठला. "ही कुटली पद्धत? नवरीनं अशी मागनी करायची?"

"तू बस रं," मंगळी म्हणाली. "इचारायचं काम माजं, सांगायचं तिचं. तुजं काम जेवायचं, त्याला येळ हाय." मग म्हाताऱ्याकडे वळली. "नवशा, देतोस?"

म्हाताऱ्याने टोपी मागे सारली. "ती खुंटी कुनी ठोकली?" म्हणाला. "एकदा कुडाच्या भिंतीत, एकदा सिमेटात. दोनदा ठोकली. दिलंच हाय ना ते."

सगळे हसले. मी हसले नाही. मला वाटत होतं, खुंटी कोयत्यासाठी आहे.

"'दिलं' म्हन," मंगळी म्हणाली.

"दिलं."

हळद थंड असते. विसरले होते मी, म्हणजे मला माहीतच नव्हतं.

मग तेजश्री आणि रूपेश पाटावर बसले. मंगळीने पहिल्यांदा विचारलं. तेजश्रीने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं, मी का सांगू. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पोर म्हणाली, "नोकरी. मी उपकेंद्र सोडनार नाय. रातपाळी असली तरी जानार."

मामा पुन्हा उठला. "असं काय ठरलं नव्हतं. घर कोन बघनार?"

"मामा, तुमीच म्हनाला होतात, खुशाल कर म्हनून."

"मी? कदी? मी असं कदी बोललो नाय."

सगळी माणसं हळूहळू माझ्याकडे वळली. तेजश्री म्हणाली, "आजे, वही आन."

वही कमरेलाच होती. मी नऊ एप्रिलचं पान काढलं, बोट ठेवलं आणि वाचायला लागले. आता, मी मधूनच कुठून वाचू? पहिल्या शब्दापासून वाचावं लागलं. मामाने दुसरा लाडू घेतला. रस्त्याला धूळ. मामाने तिसरा लाडू घेतला. मामाचं तोंड फणसासारखं आहे. इथे मला थांबायचं होतं, पण थांबले असते तर पुढची ओळ हरवली असती, म्हणून गरेसुद्धा वाचले. रूपेशची आई पदर तोंडात कोंबून हलत होती. मग आलं ते: आमच्यात पोरींना कुणी अडवत नाय, तेजश्रीने नोकरी खुशाल करावी, आमी सुधारलेली माणसं.

"ऐकलं?" मंगळी म्हणाली.

पण माझं बोट चालूच होतं. उष्ट्या कपावरून पुढे गेलं, आणि मला कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, की म्हाताऱ्याचा खोकला वाढला आहे, मी गेले तर याला अडुळशाचा काढा कोण देईल, सुनिता पाणी फार घालते.

मी वही मिटली. कुणी हसेना. म्हातारा खोकला आला नसताना खोकला.

सुनिता म्हणाली, "आये, मी पानी फार घालते?"

"घालतेस," म्हातारा म्हणाला.

तेव्हा कुठे मांडव हसला. मामा मात्र उभाच. "ते सगळं ठीक. पन बहिनीला बरं नसतं, तिला कोन बघनार?"

रूपेशची आई आतापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. तिने पदर तोंडातून काढला. "मला काय धाड भरलीय? दादा, जेवायला रोज माज्याकडं तू येतोस. भाकरी तुला कोन थापनार हे बोल ना सरळ."

मामा बसला. नंतर उठला नाही.

"रूपेश," मंगळी म्हणाली, "देतोस?"

पोरगा सुई बघितल्यासारखा पांढरा पडला होता. म्हणाला काहीतरी, ओठ हलले.

"मला दोनच दात हायत, कान दोन्ही चांगले हायत. मोठ्यानं."

"दिलं!" एवढ्या जोराने ओरडला की ढोलवाला दचकला आणि वाजवायलाच लागला.

संध्याकाळी मंगळी माझ्याजवळ येऊन बसली, पाय लांब करून. म्हणाली, "मला इचारलं होतं तेव्हा मी काय नाय म्हनाले, भागे."

"म्हाईत हाय. मी होते तितं."

"आता इचारलं तर काय मागू तेच कळत नाय."

मी तिला माझा लाडू दिला. तिने दोन दातांनी तो बराच वेळ खाल्ला.

१३ मे

काल दोन्ही लग्नं लागली आणि तेजश्री गेली. आज तिकडूनच उपकेंद्रात जाणार. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ड्युटी. बरं केलं, पहिल्यापासून सवय लागलेली चांगली. घर मोठं वाटतं. पोरगा परत डोंगर चढला, सुनिता माहेरी गेली आहे. म्हातारा बांबू आणायला गेला.

मी खुर्चीवर चढून गाठोडं काढलं. गुडघ्यांना विचारलं नाही. आता ते मांडवात मागून घेतलं आहे, तर आत काय आहे ते तरी बघावं.

जड निघालं. एवढ्या वर्षांत लुगडं वजन धरत नाही.

वर कडुलिंबाचा पाला होता. वाळलेला, पण या वर्षीचा, अजून हिरवट. खाली लुगडं-चोळी घडी घालून. एक भोक नाही, कसर नाही. मी उगाच समजत होते की पूर्वीचं कापड टिकाऊ असतं. पोराचं फडकंही होतं.

आणि चपला. टायरच्या तळव्यांच्या, चामडं तडकलेलं, असल्या आता कुणी बनवत नाही. मग तपकिरी प्लास्टिकच्या. मग निळ्या पट्ट्याच्या रबरी. चौथा जोड नवा, जाड मऊ तळव्याचा, वर चिकटायचा पट्टा, सुजलेल्या पायालाही बसेल असा. सगळे माझ्या मापाचे. एकही घातलेला नाही.

आधी मला वाटलं, सुनिताचं काम.

मग जमिनीवर बसले. ठशावरची सुतळी आठवली. चहा करायचा होता तो केला नाही.

नव्या चपला पायात घालून खोलीत चालून बघितलं, दारापर्यंत आणि परत. चावत नाहीत. खडीवरही चालतील. काढल्या, पुसल्या, पाल्याखाली होत्या तशा ठेवल्या.

गाडीरस्त्यावर खोकला ऐकू आला. घाईने गाठोडं बांधलं आणि खुंटीला लावलं. गाठ डावीकडून मारली, तो मारतो तशी. जमत नव्हती, तीनदा सोडली. पण बसली.